धाकट्याची जागा

गल्फहून कायमचा परत आल्यावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, तिथे तू नक्की करत काय होतास? महाडपासून पोलादपूरपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना जी गावं आहेत, त्यांतल्या आम्हा मुसलमानांच्या घरांत हा प्रश्न तसा नवा नाही. कुणी ड्रायव्हर असतो, कुणी एसी दुरुस्त करतो, कुणी ऑफिसात चहा नेतो, आणि जो नीट काहीच सांगत नाही तो सुपरवायझर असतो. मी सांगायचो, गेंडे सांभाळायचो. विचारणारा आधी हसायचा, मग माझ्या तोंडाकडे बघायचा, मग माझ्या बायकोच्या तोंडाकडे. तिने मान हलवली की त्याची खात्री पटायची.

मी गेलो होतो ड्रायव्हर म्हणूनच. आमच्या घरात बापापासून ट्रक. एमआयडीसीतला माल भरायचा, पोलादपूरवरून आंबेनळी चढायची, घाटात दरड आली की रांगेत थांबून भजी खायची, यातच मी वाढलो. गल्फमध्ये एका प्राणिसंग्रहालयात गवताचा ट्रक चालवायचं काम मिळालं. गवत उतरवता उतरवता जनावरांशी ओळख झाली. एकदा गेंड्यांकडचा माणूस रजेवर गेला तेव्हा साहेबांनी मला विचारलं, भीती वाटते का? मी नाही म्हणालो. वाटत होती, पण नाही म्हणालो. ट्रकपेक्षा जनावर बरं, एवढंच मनात होतं.

आणि जनावर मला अगदीच परकं नव्हतं. कापडे गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या एका हिंदू कुटुंबाशी आमचा जुना घरोबा. आमची म्हैस आटली की त्यांच्याकडे चरायला जायची आणि व्यायला आली की खाली यायची. तिला पोचवायला आणि आणायला मी जायचो, आणि गेलो की तिथेच चार दिवस रमायचो. जनावराशी कसं बोलायचं ते मी त्या घरात शिकलो. ओरडायचं नाही. पोटातून, हळू, आणि न थांबता बोलत राहायचं. काय बोलता याला महत्त्व नाही. घरच्या गोष्टी सांगितल्या तरी चालतं.

'गेंड्याची कातडी' ही शिवी ज्याने शोधली त्याने गेंड्याला कधी हात लावला नसावा. कानामागे आणि पोटाखाली ती कातडी इतकी मऊ असते की तिथे खाजवलं की एवढं मोठं धूड डोळे मिटून उभं राहतं, आणि जरा जास्त वेळ खाजवलं तर आडवंच होतं. आमच्याकडे एक मोठा नर होता, त्याला मी थोरला म्हणायचो. बाकी माद्या. त्यांतल्या एकीला माझ्या देखत पिल्लू झालं. तो धाकटा. पहिल्या दिवशी तो उभा राहायला धडपडत होता आणि मी जाळीच्या अलीकडे त्याच्याबरोबर धडपडत होतो.

पिल्लू नर आहे हे कळल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फक्त साहेबांचा चेहरा जरा पडला. का, ते मला पुढे कळलं. गेंड्यांत नर आणि माद्या साधारण सारख्याच संख्येने जन्मतात, पण वंश चालायला एका कळपात एक नर पुरतो. दुसरा वयात आला की पहिला त्याला टिकू देत नाही. रानात तो दुसरा उठून लांब जातो आणि स्वतःचा मुलूख शोधतो. प्राणिसंग्रहालयात तो जाणार कुठे? शिवाय तिथल्या माद्या म्हणजे त्याचीच आई, मावश्या आणि बहिणी, तेव्हा वंशालाही त्याचा उपयोग नाही. मग त्याला दुसरीकडे पाठवायचं. पण दुसरीकडेही हेच रडगाणं. त्यांचाही एक थोरला असतो आणि त्यांचाही एक धाकटा जागेच्या शोधात असतो. कुठला नर कुठे पाठवायचा हे जुळवायला एक माणूस असतो, तो कितीतरी देशांतल्या गेंड्यांच्या सोयरिकी डोक्यात घेऊन बसलेला. आमच्याकडचा लग्न जुळवणारा बरा म्हणायचा, त्याला निदान मुलाची नोकरी सांगता येते.

मीटिंगमध्ये अशा नरासाठी एक इंग्रजी शब्द होता, त्याचा अर्थ शिल्लक. तो ऐकला की माझं डोकं फिरायचं. शिल्लक राहायला तो काय रात्रीचा भात आहे? पण बोलून उपयोग नव्हता, कारण बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. जागाच नव्हती.

धाकटा अंगाने भरला तसं आधी आईने त्याला शिंग दाखवून दूर केलं. तो थोडे दिवस तिच्या मागे मागे फिरला आणि मग नाद सोडला. मग एका सकाळी दोन आवारांच्या मधलं फाटक उघडताना काहीतरी चुकलं, आणि थोरला त्याच्यावर धावून आला. फाटकाची बिजागरी वाकली. धाकट्याच्या खांद्यावर लांबलचक जखम झाली. तेव्हापासून दोघांच्या पाळ्या लागल्या. सकाळी थोरला बाहेर आणि धाकटा आत, दुपारनंतर उलट. म्हणजे ज्या वयात त्याने मुलूख पालथा घालायचा त्या वयात तो अर्धा दिवस सिमेंटच्या खोलीत भिंतीला शिंग घासत उभा असायचा. घासून घासून टोक बोथट झालं होतं. मी जेवणाची सुट्टी त्याच्यापाशी काढायला लागलो.

एकदा चहा पिताना जनावरांचे डॉक्टर सांगून गेले की जागा अजिबातच मिळाली नाही तर काही ठिकाणी शेवटी इंजेक्शन देतात. किंवा मग एखाद्या श्रीमंताच्या फार्मवर पाठवतात, तिथे पुढे त्याचं काय झालं हे विचारायला कुणी नसतं. आमच्याकडे असं होईल असं ते म्हणाले नाहीत. होणार नाही असंही म्हणाले नाहीत. तो चहा मी तसाच ओतून टाकला, आणि त्या दिवसापासून मला एकच काळजी लागली, की या पोराला कुठेतरी जागा मिळाली पाहिजे.

त्याच सुमारास आमच्याकडे गेंड्यांचं नवीन आवार बांधायचं ठरलं. ते आखायला परदेशातून एक बाई आल्या. केस पांढरे, बूट चिखलाने भरलेले, कारण मीटिंगला यायच्या आधी त्या सगळं आवार पायी फिरून आल्या होत्या. साहेबांनी त्यांना पडद्यावर आपलं चित्र दाखवलं. काचेची लांब भिंत, अलीकडे हॉटेल, लोक जेवताहेत आणि काचेपलीकडे गेंडे. बाईंनी चित्र शांतपणे बघितलं आणि आम्हा सांभाळणाऱ्यांकडे वळून विचारलं, ज्या दिवशी जनावराला कुणाला दिसायचं नसेल त्या दिवशी ते जाणार कुठे?

"आवार मागून आखायला घ्यायचं," त्या म्हणाल्या. "दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी."

मग त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं. आधी रात्रीच्या खोल्या. मग त्यांच्यातून बाहेर यायच्या वाटा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन फाटकं, म्हणजे एकाने अडवलं तर दुसऱ्याला निसटता येतं. कोपरे काढून टाकायचे, कारण कमजोर नर कोपऱ्यातच मरतो. कुंपणाला मधून मधून असे खांब की माणूस अंग चोरून मधून निघून जाईल आणि गेंडा अडेल. चिखल, सावली, अंग घासायला ओंडका, आणि लोकांच्या नजरेआड एक उंचवटा. हे सगळं बसलं की उरलेल्या बाजूला काच लावा आणि खुशाल हॉटेल काढा. मी इतकी वर्षं तिथे होतो, पण हे सगळं एका माळेत मला कुणी ओवून दाखवलं नव्हतं. मला त्या बाई फार आवडल्या.

पण त्या नव्या आवारातही दुसऱ्या नराची सोय होत नव्हती. जागाच तेवढी नव्हती. मी धीर करून बाईंना माझ्या मोडक्या इंग्रजीत धाकट्याचं सांगितलं, आणि त्यांना त्याच्या खोलीपाशी घेऊन गेलो. त्यांनी भिंतीवरचे शिंगाचे ओरखडे बघितले. मग म्हणाल्या की एका थंड देशात त्या आणखी एक आवार आखताहेत, फक्त तरण्या बिनलग्नाच्या नरांसाठी. आसपास मादी नसली आणि जागा ऐसपैस असली तर असे नर एकत्र नांदतात. अट एकच होती. सगळ्यांनी एकदम आत यायचं. एकदा बाकीच्यांनी आपापली जागा धरली की मागून येणाऱ्याला ते सहजी घेत नाहीत.

पुढे त्या सोयरिकवाल्या माणसाचा होकार आला आणि धाकट्याचं तिकडे ठरलं. आता त्याने पाठवणीच्या लोखंडी पेटीत आपल्या पायांनी चढायचं, एवढंच बाकी होतं. बेशुद्ध करूनही चढवता येतं, पण तिथल्या उन्हात एवढं जनावर झोपवायचं म्हणजे परत उठेल याची हमी डॉक्टर देत नाहीत. म्हणून पेटी आधीपासून त्याच्या वाटेत ठेवतात, दोन्ही दारं उघडी. तो रोज तिच्यातून जातो, आत ठेवलेला लसूणघासाचा हिरवा चारा खातो, बाहेर पडतो. मग एक दार लावून बघतात, मग दोन्ही, आधी क्षणभर, मग जास्त. हे काम माझ्याकडे आलं. आणि तिथेच माझ्या हातून घोटाळा झाला.

तिथला नियम असा होता की जनावराला हुकूम द्यायचे ते ठरलेल्या इंग्रजी शब्दांत आणि शिट्टीवर, म्हणजे माणूस बदलला तरी जनावर अडत नाही. साहेब समोर असले की मी शिट्टी वाजवायचो. ते गेले की शिट्टी खिशात आणि माझं सुरू, "ये रे राजा. ये. हल्लू. अरे हल्लू, कुनी पाटीमागं लागलाय काय तुज्या? हां. हुबा ऱ्हा." आपल्या गावचं बोलणं ऐकायला तिथे दुसरं होतं कोण? बाकी सगळे मल्याळी, नेपाळी, बंगाली. गावात पाणी भरलं, पोरगी पास झाली, भावाचा ट्रक घाटात अडकला, सगळं मी त्यालाच सांगायचो. तो कान फिरवून ऐकायचा आणि पेटीत येऊन उभा राहायचा. मला वाटायचं, तो पेटीला सरावला.

पेटीचं दुसरं दार लावायची वेळ आली आणि माझा करार संपला. वयाची अट होती, ती काही गेंड्यासाठी थांबत नव्हती. माझ्या मल्याळी सोबत्याच्या हाती सगळं सोपवलं, धाकट्याच्या कानामागे भरपूर खाजवलं आणि विमानात बसलो.

आता घराबद्दल सांगायला हवं. ते घर मी फोनवर बांधलं. आमच्याकडे बरीच घरं अशीच बांधली जातात. मालक तिकडे, मिस्त्री इकडे, आणि मध्ये फोटो. सावित्री नदीचं पाणी चढतं म्हणून जोतं चांगलं उंच घेतलं, हायवेच्या अंगाला मोठा हॉल, हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच, वर बाल्कनी, बाल्कनीला स्टीलचं रेलिंग. हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला आमचा सोफा दिसतो. मिस्त्री मागची जुनी पडवी पाडून तिथे आणखी एक बेडरूम काढणार होता, पण बायको आडवी आली. तिथे तिची म्हैस होती, चूल होती, लाकडं होती. मी फोनवरून तिला पुष्कळ समजावलं, की एवढ्या चांगल्या घराच्या पाठीमागे हे शोभत नाही. तिने ऐकलं नाही. पडवी राहिली.

परत आलो आणि मला हॉलमध्ये बसवलं. कायमचा आलेला माणूस बघायला लोक येणारच. सकाळपासून कुणी ना कुणी यायचं, समोर बसायचं, माझ्याकडे बघायचं आणि मुलासाठी व्हिसा बघा म्हणायचं. कुणी नसलं की हायवेवरचे बघायचे. मी पेपर वाचताना, डुलकी घेताना, नाक शिंकरताना सगळ्यांना दिसत होतो. घरातली माणसं मात्र दिसत नव्हती. बायको, लेक, माझी म्हातारी आई, सगळ्यांचा दिवस मागच्या अंगाला जायचा. तिथून हसण्याचे आवाज यायचे. मी उठून गेलो की हसणं थांबायचं आणि कुणीतरी म्हणायचं, काय पायजे, चाय देऊ? मी त्यांच्या घरी आलेला सगळ्यात मोठा पाहुणा होतो. बाईंचं ते वाक्य मला त्या सोफ्यावर बसून रोज आठवायचं आणि स्वतःचंच हसू यायचं. गेंड्याचं आवार मागून आखायचं हे शिकलो होतो, आणि माझं स्वतःचं घर तोवर पुढून बांधून तयार झालं होतं.

अशात सोबत्याचा फोन आला. धाकटा पेटीत चढत नव्हता. शिट्टी, इंग्रजी शब्द, लसूणघास, केळी, सगळं करून झालं होतं. पुढचे पाय आत ठेवायचा, थांबायचा, कान फिरवायचा आणि मागे सरायचा.

"भाई, वो किसी को ढूंढता है," सोबती म्हणाला.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. तो पेटीला सरावलाच नव्हता. तो माझ्या बडबडीला सरावला होता. मी सोबत्याला ते सगळे शब्द फोनवर म्हणून दाखवले. त्याने बिचाऱ्याने पाठ केले. पण मल्याळी तोंडातून 'हुबा ऱ्हा' ऐकून धाकट्याने नुसतं त्याच्याकडे बघितलं म्हणे. पाठवणीचं विमान ठरलेलं होतं. तिकडचे बाकीचे नर पोचायला लागले होते. धाकटा राहिला तर मागून त्याला घेणार नव्हते, आणि डॉक्टर आता बेशुद्धीच्या बंदुकीचं बोलत होते. मग सोबत्यानेच तोड काढली. पेटीजवळ भोंगा लावतो, तू फोनवरून बोल.

ठरल्या वेळी मी हॉलमध्ये फोन मांडून बसलो. रेंज तिथेच चांगली. माझा थोरला भाऊ महाडहून मुद्दाम आला होता, शेजारचे आले होते, व्हिसावाले तर होतेच. फोनमध्ये धाकटा दिसला तेव्हा सगळे पुढे वाकले. मी बोलायला लागलो. पण माणसं बघत असली की आपला आवाज आपला राहत नाही. मी भाषण केल्यासारखा बोलत होतो. तरी धाकट्याने कान उभे केले, तो आला, पुढचे पाय पेटीत ठेवले. तेवढ्यात काचेबाहेर एका कंटेनरने हॉर्न दिला. तो हॉर्न फोनातून तिकडे भोंग्यातून वाजला, आणि धाकटा जो मागे पळाला तो त्या दिवशी पेटीकडे फिरकलाच नाही. भाऊ म्हणाला, मोठ्याने बोलायला पाहिजे होतंस. शेजारी म्हणाला, शिट्टी मारायला पाहिजे होती. मी सगळ्यांना चहा पाजून घालवलं. सोबती म्हणाला, उद्या सकाळी एकदा शेवटचं बघू, नंतर डॉक्टरांच्या हातात.

सकाळी मी फोन घेऊन घरभर फिरलो. वर बाल्कनीत हायवे, खाली हॉलमध्ये हायवे, आमच्या बेडरूमच्या खिडकीतही हायवेच. शेवटी मागच्या पडवीत आलो. बायको म्हैस पिळत होती. ही म्हैसही कापड्याच्या वरच्या वाडीतलीच, त्याच घरातली. मी दारात घोटाळलो. तिने मान वर न करता सांगितलं, "हितं बसा. हितं कुनी येत नाय."

मी घमेलं उपडं घातलं आणि त्यावर बसलो. फोन लाकडांच्या चवडीवर टेकवला. रेंज जेमतेम होती. पडद्यावर धाकटा पेटीकडे पाठ करून उभा होता. म्हशीची मान माझ्या हाताशी होती, मी ती खाजवत बोलायला लागलो, आणि बोलणं आपोआप त्या वाडीतलं, पोटातून झालं.

"ये रे राजा. ये. रागावलास? मी हाय हितं. ही बग, म्हस हाय, तुज्यासारकीच हट्टी. ये. हल्लू. तुज्यासाठी जागा बगितलीय रे. चिखल हाय, सावली हाय, कोपरा नाय. कुनी मारनार नाय तुला. ये माज्या बाला."

धाकटा वळला. मी थांबलो नाही. काल पाऊस कसा झाला ते सांगितलं, आईचे गुडघे दुखतात ते सांगितलं, हॉलमध्ये मला करमत नाही तेही सांगून टाकलं. तो पुढचे पाय आत ठेवून थांबला, कान फिरवले, आणि मग मागचेही आत घेतले. "हां. हुबा ऱ्हा. बस्स. हुबा ऱ्हा." लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मी तरी बोलतच होतो. दुसरं दारही लागलं. धाकटा आत लसूणघास चघळत होता.

"बंद हो गया, भाई," सोबती हळूच म्हणाला आणि त्याचं नाक वाजलं.

मी फोन ठेवला आणि तिथेच बसून रडलो. कितीतरी महिने छातीवर दगड होता, तो उतरला होता. बायकोने दुधाचं भांडं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हशीच्या पलीकडून माझ्याकडे बघत राहिली.

"येवडी वरसं फोन करत होतात," ती म्हणाली. "टाइल कंची लावली, सिमेंट आलं का, पोरांचा अब्यास. माज्याशी असं कदी बोललात नाय."

खरं होतं ते. तिच्याशी बोलताना मागे रूमवरची माणसं असायची, तिच्या मागे सासू, दीर, मिस्त्री असायचे. घाईने, मोठ्याने, कामापुरतं. उरलेलं सगळं बोलणं मी सिमेंटच्या एका खोलीत जाऊन ओतत होतो. ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नव्हती. तिने दूध गाळलं, पेल्यात ओतलं, आणि न तापवता तसाच पेला माझ्या हातात दिला. काय पायजे असं विचारलं नाही.

त्यानंतर धाकटा विमानात चढला, उतरला, आणि थंड देशातल्या एका खोलीत काही दिवस एकटा राहिला. ही तिथली रीत. आधी बाकीच्या नरांचं शेण त्याच्या खोलीत आणून टाकतात आणि त्याचं त्यांच्याकडे, म्हणजे भेटायच्या आधी वासाने ओळख होते. मग जाळीआडून भेट, मग फाटक. हे सगळं सोबती मला कळवत होता आणि मी बायकोला सांगत होतो. शेणाचं ऐकून ती म्हणाली, आमच्यात सासरी मुलगी येते तेव्हा असं काही करायला पाहिजे होतं. माझी आई हसून हसून खोकायला लागली. मी तिथे बसलेलो असतानाही त्या हसत होत्या, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मग एक दिवस फोटो आला. नवीन आवार, हिरवं गवत, लांबवर काच आणि काचेला नाक लावलेली माणसं. अलीकडे एका उंचवट्याच्या आड, माणसांना दिसणार नाही अशा जागी, चिखलात तीन गेंडे लोळलेले. दोघांची तोंडं दिसत होती. तिसऱ्याची नुसती पाठ, पण खांद्यावरची ती लांब खूण मी कुठेही ओळखली असती. बाईंनी सोबत्याला लिहिलं होतं की हा पहिल्याच दिवशी सरळ मागच्या बाजूला गेला. बघायला आलेले लोक कुरकुरतात, पण गेंडे खूश आहेत.

मी तो फोटो पडवीत बसून बघत होतो. आता मी तिथेच बसतो. हॉलमध्ये कुणी आलं तर त्यालाही मागे घेऊन येतो, आणि म्हशीच्या वासाने व्हिसावाले लवकर उठतात. बायको लाकडं घेऊन चुलीकडे चालली होती. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजाऐवजी तोच पोटातला आवाज बाहेर पडला.

"ये गो. बस जरा. हल्लू. काम कुटं पलून जात नाय."

ती थांबली. "मी काय गेंडा हाय?" ती म्हणाली, लाकडं खाली टाकली, दुसरं घमेलं उपडं केलं आणि माझ्या बाजूला येऊन बसली.